वारकरी एकमेकांच्या पाया का पडतात?

सासवडच्या मुक्कामात तंबूबाहेर बसून मी पायाचे फोड बघत होते. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा शेजारून जाता जाता थांबले, वाकले, माझ्या पायांना हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. मी गडबडून उठले. "अहो आजोबा, हे काय! मी तुमच्या मुलीसारखी."

ते हसले. "माऊली, म्या तुमाला नमस्कार केलाच न्हाई," म्हणाले आणि टाळ सावरत पुढे गेले.

मग तो नमस्कार होता कुणाला? पहिल्या वारीत मला पडलेला हा प्रश्न पुढे बरीच वर्षं सोबत राहिला. आमच्या घरात लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, हा सरळ नियम. वारीत तो नियमच नाही. तरुण पोरगा म्हातारीच्या पाया पडतो आणि ती म्हातारी लगेच त्याच्या पाया पडते. खांद्यावरची वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देताना देणारा आणि घेणारा दोघंही वाकतात. कीर्तन संपलं की बुक्का लावता लावता ज्याच्या हाताला जो सापडेल, तो त्याच्या पाया पडतो. कोण मोठं आणि कोण लहान हे ठरवायला सवडच मिळत नाही. पुढे कळलं, ती मिळू नये म्हणूनच हे चाललेलं असतं.

इतरांना मान दिला की आपल्यालाही बरं वाटतं, हे सगळेच सांगतात. ते कसं घडतं आणि श्रद्धेचा त्याच्याशी काय संबंध, हे मात्र कुणी उलगडून सांगत नाही. मला ते वारीतल्या या साध्या कृतीतून उमगलं, म्हणून तिथूनच सांगते.

आधी शरीरापासून सुरुवात करू. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, चालायला तीन आठवडे लागतात. दिवे घाट चढून पालखी सासवडला येते, मग जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण करत पुढे सरकते. माळशिरस येईपर्यंत सगळ्यांचे पाय एकसारखे दिसायला लागतात. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यात चिखल, कुठे चिंधी बांधलेली. चेहऱ्याकडे बघून माणसाचं शिक्षण, पैसा, गाव यांचा अंदाज बांधता येतो, कपड्यांवरून तर येतोच. पायांवरून येत नाही. नमस्काराला वाकणारा माणूस समोरच्याचा चेहरा सोडून पाय बघतो आणि तेवढ्या क्षणापुरतं त्याच्याजवळ मोजमाप करायला काहीच उरत नाही.

आपल्या मनाचा केवढा तरी वेळ या मोजमापात जातो. हा माझ्यापेक्षा वरचा की खालचा? याने मला आधी नमस्कार केला का? मला बोलावलं, पण उशिरा का बोलावलं? लग्नाच्या मांडवात, ऑफिसात, सोसायटीच्या सभेत हा हिशेब आत चालूच असतो आणि तो दमवतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर झोप उडवणारे विचार आठवून बघा. त्यातले निम्मे तरी कुणी आपला मान राखला नाही याचेच असतात. वारीतला नमस्कार दिवसातून पन्नास वेळा हा हिशेब मोडतो. उपदेश करून मोडत नाही, कमरेत वाकवून मोडतो.

तुकोबांनी सतराव्या शतकात पंढरीच्या वाळवंटातलं हे दृश्य दोन ओळींत टिपलंय: 'वर्ण अभिमान विसरली याती । एकएकां लोटांगणीं जाती रे ।' आणि लगेच पुढे त्याचा परिणाम: 'निर्मळ चित्तें झालीं नवनीतें । पाषाणा पाझर सुटती रे ।' हा क्रम बघा. चित्त लोण्यासारखं मऊ झालं आणि मग लोटांगण घातलं, असं ते म्हणत नाहीत. लोटांगणं आधी आहेत आणि मन मऊ होणं नंतर. मन तयार होण्याची वाट बघत बसू नका, शरीराला आधी कामाला लावा, असा त्यातून मी घेतलेला अर्थ. माझा अनुभवही तोच. पहिले दोन दिवस मी संकोचाने वाकत होते. चौथ्या दिवशी संकोच गेला, आणि त्याच्यासोबत मी माहेरून आणलेला एक जुना राग बोथट झाला. त्या रागाचा नमस्काराशी वरवर काहीच संबंध नव्हता.

आता 'माऊली' या हाकेविषयी. मूळ माऊली म्हणजे ज्ञानेश्वर, आणि विठोबासुद्धा विठाई माऊली. वारीत मात्र हीच हाक सगळ्यांना. चहावाला माऊली, वाहतूक आवरणारा पोलीस माऊली, धक्का मारून पुढे घुसणाराही माऊली. आपल्याकडे अनोळखी माणूस भेटला की दुसरातिसरा प्रश्न असतो, "आडनाव काय?" तो का विचारतात हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. माऊली म्हटलं की त्या प्रश्नाची गरज पडत नाही. शिवाय आई हे नातं लायकीवर ठरत नाही. आईला मान देण्याआधी आपण तिची गुणपत्रिका मागत नाही.

ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात एक ओवी आहे: 'जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत । हा भक्तियोगु निश्चित । जाण माझा ॥' इथे भूत म्हणजे जिवंत प्राणी. या ओवीतल्या 'भेटे' या शब्दापाशी मी नेहमी थांबते. जो आवडेल तो, जो पात्र असेल तो, असं म्हटलेलं नाही. जो भेटेल तो. निवड आपल्या हातात ठेवलेलीच नाही. सासवडच्या आजोबांचा नमस्कार कुणाला होता, त्याचं उत्तर या ओवीत आहे. आणि तिची तिसरी ओळ मला फार स्पष्ट वाटते: हाच माझा भक्तियोग. आधी पूजा करा आणि उरलेल्या वेळात माणसांशी नीट वागा, असे दोन वेगळे कप्पे इथे नाहीत. तुकोबा याच्याही पुढे जातात: 'नम्र झाला भूतां । तेणें कोंडिलें अनंता ॥' प्राणिमात्रांपुढे जो नम्र झाला, त्याने अनंताला कोंडून धरलं. आणि शूरपणा तो हाच, असंही ते सांगतात. वाकणं म्हणजे दुबळेपणा, असं समजणाऱ्यांसाठी ही ओळ आहे.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण त्यात गल्लत झाली की सगळंच फसतं. दया वेगळी आणि आदर वेगळा. दया बहुतेक वेळा वरून खाली येते. देणारा उभा असतो, घेणारा हात पसरतो. देणाऱ्याला बरं वाटतं, पण त्या बरं वाटण्यात आपण वर आहोत याचाही वाटा असतो. घेणाऱ्याला तो लगेच जाणवतो. वाटेवरच्या गावांतलं अन्नदान मी पाहिलं तेव्हा हा फरक डोळ्यांसमोर आला. वाढणारी बाई आधी जेवणाऱ्यांच्या पाया पडते. "माऊली, आमच्याकडं दोन घास घ्या," असं तिचं आर्जव असतं. तुम्ही जेवलात तर उपकार तुमचे. रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देणारी माणसं असतात, चपला फुकट शिवून देणारे असतात, दाढी करून देणारे असतात. त्यांच्यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर मी उपकाराचा भाव पाहिला नाही. देणारा वाकलेला आणि घेणाराही वाकलेला, मग वर राहिलं कोण? कुणीच नाही. घेणाऱ्याची मान खाली जात नाही ती यामुळेच.

मानसशास्त्राने या गोष्टी आपल्या पद्धतीने तपासल्या आहेत. २००८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत हे स्वतःवर खर्च करा. उरलेल्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणासाठी खर्च करा. संध्याकाळी विचारलं तर दुसऱ्यासाठी खर्च करणारे जास्त खूश होते, आणि रक्कम पाच की वीस याने फरक पडला नव्हता. गंमत म्हणजे दुसऱ्या काही जणांना नुसता अंदाज विचारला तेव्हा बहुतेकांनी याच्या उलट सांगितलं होतं. आपल्याला कशाने बरं वाटेल, हे आपल्यालाच नीट कळत नाही. अमेरिकेत ४२३ वृद्ध जोडप्यांवर पाच वर्षं नजर ठेवलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारीपाजारी, नातेवाईक आणि जोडीदार यांना मदत करणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. नुसती मदत मिळणाऱ्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. अर्थात जी माणसं मुळात ठणठणीत तीच मदत करू शकतात, ही शंका अशा अभ्यासांवर राहतेच. संशोधकांनी तब्येतीचा हिशेब धरला होता, तरी एवढ्यावरून कुणी आयुष्य वाढवण्याचं औषध म्हणून दयाळूपणा विकू नये.

२०१८ मध्ये अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. भल्या वागण्याने करणाऱ्याचं समाधान वाढतं हे त्यात दिसलं, पण वाढ लहान ते मध्यम. मला हा आकडा प्रामाणिक वाटतो. एखाद्या नमस्काराने नैराश्य जात नाही. ते आजारपण आहे, त्याला डॉक्टर लागतो. पण रोजची छोटी भर साचत जाते. तीन आठवडे चालणाऱ्या वारीची घडणही मला तशीच दिसते: एक मोठं पुण्यकर्म करून मोकळं व्हायचं नाही, हजार छोट्या कृती करत राहायचं.

आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा. मदत मनापासून केली तर करणाऱ्याला बरं वाटतं, दडपणाखाली केली तर तेवढं वाटत नाही, आणि घेणाऱ्यालाही त्या मदतीची गोडी कमीच लागते. घराघरांतल्या सुनांना हे सांगायला कुठल्या प्रयोगाची गरज नाही. "वाक, पाया पड" असा हुकूम सुटतो तेव्हा तो आदर नसतो, ती हजेरी असते. वारीतला नमस्कार मोकळा वाटतो, कारण तो मागितलेला नसतो आणि परत मिळतो.

श्रद्धेच्या बाजूने मला सगळ्यात हलवून टाकणारा प्रयोग १९७३ चा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटं भाषण द्यायला पाठवलं. काही जणांचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची. वाटेत एका दारापाशी संशोधकांचाच एक माणूस खोकत, कण्हत वाकून बसलेला. कोण थांबतं ते बघायचं होतं. तीच गोष्ट मनात घोळवत जाणारे इतरांपेक्षा फारसे जास्त थांबले नाहीत. फरक पाडला तो घाईने. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना "उशीर झालाय, पळा" असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के.

हे वाचलं तेव्हा मला पंढरपुरातली दर्शनाची रांग आठवली. अठरा-वीस तास उभं राहिल्यावर, गाभारा जवळ आला की तीन आठवडे माऊली माऊली म्हणणारे हातही ढकलायला लागतात. मीही ढकललं आहे. पुढे एक बाई होत्या, वयाने थकलेल्या. माझा कोपर त्यांना लागला आणि मी थांबून विचारलंही नाही, कारण समोर विठोबा दिसत होता. देव दिसायला लागला आणि माणूस दिसेनासा झाला. बाहेर आल्यावर समाधानाऐवजी एक ठसठस राहिली. म्हणूनच असेल, अनेक जुने वारकरी रांगेत उभेच राहत नाहीत. चंद्रभागेत स्नान, कळसाचं दर्शन, नामदेव पायरीला हात, आणि परत. त्यांना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. त्यांची भेट वाटेतच झालेली असते.

पण समोरचा आपल्याला मान देत नसेल तर? हा प्रश्न खरा अवघड आहे, आणि आपल्या संतपरंपरेने तो टाळलेला नाही. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलेल्या ज्ञानेश्वरांनी अपमान असह्य होऊन झोपडीची ताटी लावून घेतली, अशी कथा आहे. बाहेर धाकटी मुक्ताई. ती अपमान झालाच नाही असं म्हणत नाही. जग रागाने विस्तव झालं तर संताने पाणी व्हावं, असं सांगते आणि मग दाखला देते: 'जीभ दातांनी चाविली । कोणें बत्तिशी तोडिली ॥' जीभ चावली गेली म्हणून कुणी दात पाडतं का? दुखलं हे तिला मान्य आहे. पण दातही आपलेच आहेत. दार आतून लावून घेतलं की कोंडला जातो तो आपणच. त्या दारामागे बसलेल्या भावाला ती अवघी लहान बहीण दटावत नाही, पुन्हा पुन्हा विनवते: ताटी उघडा ज्ञानेश्वरा. मनाची काळजी घेणं याहून वेगळं काय असतं?

मात्र या दाखल्याची एक मर्यादा आहे. ज्याचं दार आतून बंद आहे त्याला मुक्ताईचं बोलणं लागू पडतं. ज्याच्यासाठी बाहेरून दार बंद केलंय त्याला "तू पाणी हो" असं सांगणं निर्दयपणा आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या संत चोखोबांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाच्या भिंतीचं काम करताना ती भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे मेल्यावरही उंबऱ्याच्या बाहेरच. त्यांचा मुलगा कर्ममेळा देवाला विचारतो: 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥' या ओळी मी कितीदा वाचल्या असतील, तरी प्रत्येक वेळी थांबावं लागतं. माणसांनी मान नाकारला की त्याचा घाव थेट श्रद्धेवर पडतो, हे इतक्या उघडपणे कुणी म्हटलेलं मला माहीत नाही. कर्ममेळा देव सोडून जात नाही. त्याला जाब विचारतो.

तो जाब पुढची सहा शतकं तसाच लटकत राहिला. वाळवंटात सगळे एकमेकांना लोटांगणं घालत होते आणि देवळाचं दार काहींना बंद होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा दिवसभर सोबत अभंग म्हणणारे लोक जेवायला जातीप्रमाणे वेगळे बसतात हे बघून त्या अस्वस्थ झाल्या होत्या. शेवटी १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी दार उघडायचं मान्य झालं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते. वारीवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे सोडून पुढे जाणं मला जमत नाही. पायाला हात लावणारा माणूस पंगतीत शेजारी बसू देत नसेल, तर त्याचा नमस्कार पायापर्यंत पोचलेलाच नाही.

ज्ञानोबांच्या पालखीच्या मुक्कामात रोज संध्याकाळी समाज आरती होते. दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एका ठेक्यात वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि "होऽऽऽ" अशी हाक देतात. एका क्षणात सगळं शांत. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात, उद्या पालखी कधी निघणार ते सांगतात. पण एखाद्या दिंडीवर अन्याय झाला असेल, कुणाची तक्रार असेल, तर ती दिंडी त्या शांततेतही टाळ वाजवत राहते. मग चोपदार स्वतः त्या दिंडीकडे चालत जातात, तिचं म्हणणं ऐकून घेतात.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांना हाक ऐकू गेली नसावी. शेजारच्या मावशींना मी तसं म्हटलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ऐकू आली की. त्यांचं आपण अजून ऐकलं न्हाई." आणि तो एकटा टाळ वाजत होता तोवर त्या पठारावरच्या एवढ्या माणसांपैकी कुणीही आरती सुरू केली नाही.